दुबार धाव

ड्युएथलॉनमध्ये आधी धावायचं, मग सायकल चालवायची आणि मग पुन्हा धावायचं. प्रमाण अंतर म्हणजे 10 किलोमीटर धाव, 40 किलोमीटर सायकल आणि परत 5 किलोमीटर धाव. त्याच्या निम्म्याला स्प्रिंट म्हणतात: 5, 20 आणि अडीच. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वी तालुक्यात डिसेंबरात झालेली स्पर्धा या निम्म्या अंतराची होती. कागदावर आकडे वाचले की शेवटचे अडीच किलोमीटर उरलेसुरले वाटतात. पाच धावून आलेल्याला अडीचचं काय एवढं, असं नाव नोंदवलेल्या पोट्ट्यांपैकी कितीतरी जणांनी मला आदल्या दिवशी म्हटलंही. मला मात्र सगळी स्पर्धा त्या अडीच किलोमीटरमध्येच दिसते. पहिली धाव आणि सायकल ही तिथवर पोचण्याची वाट.

स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेन या गावी 1989 पासून पॉवरमॅन नावाची लांब पल्ल्याची ड्युएथलॉन होते. तिथली पहिली धाव 10 किलोमीटरची, मग चढउतारांवरून 150 किलोमीटर सायकल आणि त्यानंतर जी दुसरी धाव येते ती 30 किलोमीटरची. पहिलीच्या तिप्पट. ही आखणी करणाऱ्यांना या खेळाचा जीव कुठे आहे ते पक्कं ठाऊक असणार. मी तिथे कधी जाणार नाही, पण आपल्या कालव्याच्या रस्त्यावर जे अडीच किलोमीटर आपण धावतो ते त्या तीस किलोमीटरच्याच जातीचे आहेत, हे मला फार आवडतं.

हा खेळ आमच्याकडे रुजला तर रुजेल, असं मला वाटतं, त्याचं एक साधं कारण आहे. ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धाव अशा स्पर्धेला, 2000 साली सिडनीत ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली; ड्युएथलॉन अजून बाहेरच आहे. पण ट्रायथलॉनला पाणी लागतं. पाणी आमच्याकडे नाही असं नाही. निम्न वर्धा प्रकल्पाचं धरण आमच्याच तालुक्यात, धनोडीला आहे. पोट्टे विहिरीत उड्या मारूनच पोहायला शिकतात. तरी उघड्या पाण्यात स्पर्धा घ्यायची म्हणजे बोटी, पट्टीचे पोहणारे, जीवरक्षक, परवानग्या, आणि एवढं करून कुणाच्या आईबापाचा जीव थाऱ्यावर राहणार नाही. रस्ता आणि सायकल मात्र प्रत्येक गावात आहे. आठवी-नववीतल्या पोरींना योजनेत मिळालेल्या सायकली आहेत, मजुराच्या घरी जुनी दांड्याची सायकल आहे. धावायला पाय आहेत. एवढ्यावर स्पर्धा उभी राहते.

धावणं म्हटलं की गावाला त्याची दोनच कारणं माहीत आहेत: भरती आणि शुगर. पहाटे रस्त्यावर जे पळताना दिसतात ते पोलीस भरतीचे. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे 50 गुण, आणि त्या गुणांवर अख्ख्या घराची नजर. त्यांच्यानंतर दिसतात ते चाळिशी-पन्नाशीचे, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून हात हलवत भरभर चालणारे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं भरतीचं वय केव्हाच निघून गेलं आणि शुगरही नाही. त्यामुळे मला पळताना पाहिलं की लोक थांबवून विचारतात, “मॅडम, काऊन पळता?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांत टिंगल नसते, काळजी असते. काहीतरी दुखणं आहे आणि मॅडम सांगत नाहीत, असं त्यांना वाटतं. आवडतं म्हणून पळते, हे उत्तर त्यांना पोचत नाही. उत्तरात खोट नाही. ज्या गावात सकाळी उठल्यापासून प्रत्येक हालचालीला काही ना काही काम चिकटलेलं आहे, तिथे बिनकामाच्या कष्टाला ठेवायला जागाच नाही.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मी स्पर्धेचं स्वरूप सांगितलं तेव्हा ते ओसरीवर तुरीचे सोले काढत बसले होते. सगळं नीट ऐकून घेतलं. हातातली शेंग सोलून दाणे टोपल्यात टाकले आणि म्हणाले, “म्हंजे पयले धावाचं, मंग सायकल, अन् मंग पुन्हा धावाचं? हे तं दुबार पेरणीच झाली न, सुनबाई.”

कोरडवाहू शेती असलेल्या घरात हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. जूनमध्ये पाऊस पडतो, वाफसा येतो, घरातलं असेल-नसेल ते लावून पेरणी होते. मग पाऊस दडी मारतो. आठ-दहा दिवस आभाळाकडे पाहण्यात जातात. कोंब माना टाकतात. पाऊस परत आला की पुन्हा तेच वावर, तीच बंडी, तेच बियाण्याचं पाकीट, पण या वेळी खिसा रिकामा आणि मनात धाकधूक. काम पहिल्या पेरणीचंच, करणारा माणूस मात्र तोच राहिलेला नसतो. मामाजींनी आयुष्यात हे कितीदा केलं ते त्यांनी कधी मोजून सांगितलं नाही. पण माझ्या खेळातली नेमकी अवघड गोष्ट एकदा ऐकूनच त्यांच्या लक्षात आली, आणि माझ्याकडे तिला नाव नव्हतं ते त्यांनी देऊन टाकलं.

यातला फरकही मला ठाऊक आहे आणि तो मी पुसून टाकणार नाही. दुबार पेरणी लादलेली असते. ती केली नाही तर वर्ष जातं. दुसरी धाव मी मागून घेतलेली आहे. ती सोडून दिली तर कुणाच्या ताटातली भाकरी कमी होत नाही. मग ही चैन आहे का? या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझं मत असं झालं आहे की नाही. ज्याचा देह वर्षभर वावराच्या, घराच्या, मालकाच्या कामाला जुंपलेला आहे, त्याला एक सकाळ स्वतःच्या मर्जीनं थकता येणं ही त्याच्या वाट्याची गोष्ट आहे. ती आज सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. माझ्या वाट्याला आली, कारण माझा पगार महिन्याला येतो आणि शाळा साडेदहाला भरते. म्हणून ती चैन दिसते.

सराव मी पांदणीवर, म्हणजे वावरांकडे जाणाऱ्या बंडीच्या कच्च्या वाटेवर, करते. डांबरी रस्त्यापेक्षा पायाला ती बरी. पावसाळ्यात काळी माती बुटाला इतकी चिकटते की पाऊल उचलवत नाही, पण दिवाळीनंतर पांदण टणक होते, भेगा पडतात, बंडीच्या चाकोऱ्या पक्क्या होतात आणि त्या दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवताच्या पट्टीवरून छान धावता येतं. या खेळाचा खरा सराव म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावणं. त्याला ब्रिक म्हणतात. रविवारी सायकल घेऊन निघायचं, तास-दीड तास चालवायची, घरी येऊन फाटकाला टेकवायची आणि पाणीसुद्धा न पिता पांदणीला लागायचं. सुरुवातीला शेजारच्या म्हाताऱ्या बायांना वाटायचं की मी काही विसरले आणि ते आणायला परत पळत निघाले.

सायकलवरून उतरलेले पाय धावायला का तयार नसतात, हे समजून घेतल्यावर मला त्याची भीती उरली नाही. धावताना प्रत्येक पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार पायावर येतो. पोटरी आणि टाचेमागची शीर तो भार ताणून घेतात आणि पुढच्या क्षणी स्प्रिंगसारखा परत देतात. सायकलवर यातलं काहीच नसतं. आदळणं नाही, उसळणं नाही. मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू सारखे दाबत राहतात, कंबर वाकलेली, पाऊल गोल फिरत राहतं. तासभर असं फिरलेल्या पायाला एकदम सरळ उभं करून ‘धाव’ म्हटलं तर तो काही मिनिटं गोलच फिरायला पाहतो. यावर एक उपाय आहे आणि गिअरची सायकल असेल तर तो जरूर करावा: शेवटच्या किलोमीटरला गिअर हलका करून पाय भरभर फिरवायचे आणि पाठ सरळ करत आणायची. उरलेलं सगळं धावतानाच सुटतं.

स्पर्धा भरवली ती गावातल्या एका निवृत्त पीटी सरांनी आणि त्यांच्या हाताखाली भरतीचा सराव करणाऱ्या पोरापोरींनी. सर अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. 1914 साली सुरू झालेल्या या मंडळानं आपल्या भागाला शरीराकडे पाहण्याची जी दृष्टी दिली तिचं मोल मला फार वाटतं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले होते. सर हे सांगतात तेव्हा स्वतः तिथे असल्यासारखे सांगतात. मैदानावर त्यांचं एकच म्हणणं असतं: शरीर कमावणं ही नोकरीची पायरी नव्हे, नोकरी लागली तर लागली. भरतीच्या पोरांना हे पटत नाही. पण सरांचा शब्द म्हणून ती हेल्मेट आणायला अमरावतीला गेली, एका सायकल ग्रुपकडून मागून पोतंभर घेऊन आली, आणि रात्री जागून शाळेच्या मैदानावर बल्ल्या रोवून आडवे बांबू बांधले. त्या बांबूंना सायकलींच्या सीट अडकवायच्या. योजनेतल्या सायकलींना स्टँड असतो, त्या आपापल्या पायावर उभ्या.

या जागेला ट्रान्झिशन म्हणतात आणि तिचे नियम कडक असतात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. आत सायकलवर बसायचं नाही, फक्कीची रेघ ओलांडल्यावरच टांग मारायची. परतताना रेघेच्या अलीकडे उतरायचं, सायकल जागेवर ठेवायची आणि मगच पट्टा सोडायचा. गावच्या स्पर्धेत एवढं कशाला, असं काहींना वाटलं. सरांनी सूट दिली नाही, आणि ते योग्यच केलं. नियम काटेकोर पाळले की गावची स्पर्धा गावची राहूनही पूर्ण स्पर्धा होते. ज्या पोरीला पट्टा लावायला उशीर झाला म्हणून मागे बोलावलं, ती परत आली, पट्टा लावला आणि मान ताठ करून निघाली. तिला कुणीतरी गंभीरपणे घेतलं होतं.

साडेसहाला सुरुवात झाली. थंडी कडक होती, तोंडातून वाफ निघत होती, आणि सूर्य अजून तुरीच्या मागे होता. भरतीचे पोट्टे शिट्टीबरोबर असे सुटले की पहिल्या वळणाला दिसेनासे झाले. त्यांच्या अंगात 1600 मीटर मुरलेले असतात. तेवढ्या अंतरात असेल-नसेल ते ओतायचं, हेच त्यांना शिकवलेलं असतं. तिसऱ्या किलोमीटरला ते एकेक करून कमरेवर हात ठेवून चालताना भेटत गेले. मी प्रत्येकाला “हळू, पण थांबू नको बेटा” एवढंच म्हणत पुढे गेले. पहिल्या धावेबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. ती धाव नेहमी चांगलीच असते. ताजं अंग, ताजी हवा.

सायकलचा रस्ता कालवा सोडून मोठ्या रस्त्याला लागतो आणि पुढे काही अंतर पुलगाव-आर्वीच्या जुन्या नॅरोगेजच्या अंगानं जातो. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेले हे रूळ. लोक अजूनही त्या गाडीला शकुंतला म्हणतात, जरी ती धावायची केव्हाच थांबली. कापूस मात्र रस्त्यावर आहेच. डिसेंबरात आमच्या रस्त्यांच्या दोन्ही कडांच्या बाभळी पांढऱ्या होतात. जिनिंगला जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या काठोकाठ भरलेल्या असतात, फांद्यांना घासत जातात आणि प्रत्येक काट्यावर थोडा थोडा कापूस अडकून राहतो. त्या सकाळी अशीच एक ट्रॉली माझ्या पुढे होती. वाऱ्यानं तिच्यातून पुंजके सुटत होते. एक पुंजका माझ्या ब्रेकच्या तारेत येऊन अडकला. सरकीसकट होता, बाजूला वाळक्या पानाचा चुरा चिकटलेला, आणि वाऱ्यावर थरथरत होता. कुणाच्या तरी बोटांनी तो बोंडातून ओढून काढला होता, किलोमागे काही पैसे मिळतील म्हणून. पुढचे कितीतरी किलोमीटर तो तिथेच होता आणि माझी नजर सारखी त्याच्यावर जात होती.

वारा समोरून होता. सायकलवर वारा म्हणजे सगळं काही. वेग वाढला की हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ताशी 20 वरून 25 वर जायचं म्हटलं तर तेवढ्यासाठी ती जवळजवळ दुप्पट लागते. दुसऱ्याच्या मागे चिकटून गेलं तर बरीच ताकद वाचते, पण आमच्या स्पर्धेत त्याला मनाई होती. म्हणून प्रत्येक जण आपला आपला वारा कापत होता. मला ही अट प्रिय आहे. इथे वाचवलेलं पुढे कामी येतं आणि उधळलेलंही पुढेच दिसतं.

परतीच्या वाटेवर, मैदान तीनेक किलोमीटर उरलं असताना, मला अकरावीतली एक पोरगी दिसली. योजनेतली सायकल, पुढे टोपली, मागे कॅरिअर. चाक बसलेलं. कुंपणाला नेलेल्या काट्यांतला एक वाटेत पडलेला होता आणि तो टायरमध्ये पार आत गेला होता. बाभळीचा काटा टायरला दयामाया दाखवत नाही. पंक्चर काढायचं सामान तिच्याजवळ नव्हतं. माझ्याकडचा पॅच लावू म्हटलं तर तिनं मान हलवली. “नाई मॅडम, तुमचा टाइम जाईन.” आणि दोन्ही हातांनी हँडल धरून सायकलशेजारी पळायला लागली. नियमाप्रमाणे ते चालतं. सायकल सोबत असली म्हणजे झालं. मी पुढे निघाले तरी मागे तिच्या चेनगार्डचा खडखडाट बराच वेळ ऐकू येत होता, एकसारखा, तिच्या पावलांच्या तालात. ती मैदानात आली तेव्हा सरांना म्हणाली, “सर, हे पण धावण्यातच धरा न.” सरांनी वहीत तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. ती तोवर दुसऱ्या धावेला निघूनही गेली होती.

आता ते अडीच किलोमीटर.

सायकल बांबूला अडकवली, पट्टा सोडला, हेल्मेट खाली ठेवलं आणि मैदानाच्या फाटकातून बाहेर पडले. पहिली काही पावलं आपली नसतात. खाली पाहिलं तर पाय हलताना दिसतात, पण हलवतं आहे ते कुणी वेगळंच, असं वाटतं. मांड्या जड, पोटऱ्या अवघडलेल्या, पाऊल छोटं. कंबर अजून हँडलवर वाकलेलीच. थंडीनं पायाची बोटं सुन्न, त्यामुळे जमीन लागते आहे की नाही तेही कळत नाही. आणि रस्ता तोच, पहिल्या धावेला ज्याच्यावरून मी मजेत गेले होते. तीच पाण्याची टाकी, तोच मारुतीचा पार, तोच पारावर घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा. सगळं ओळखीचं, फक्त माझ्या अंगाची आणि त्याची ओळख तुटलेली.

अशा वेळी जोर लावून काही होत नाही. पाऊल लांब टाकायला गेलं की मांडीत गोळा येतो. मी पाऊल आणखी छोटं करते, पण भरभर टाकते. हात मुद्दाम हलवते, कारण हात हलले की पाय त्यांच्या मागे येतात. छाती उचलते. नजर पायांवरून काढून रस्त्यावर नेते. श्वास सोडण्याकडे लक्ष ठेवते, घ्यायचा तो आपोआप घेतला जातो. आणि मग धीर धरते. हा धीर धरणं हीच त्या टप्प्याची सगळी मेहनत. टाकी मागे पडते, पार मागे पडतो, आणि कुठेतरी, साधारण किलोमीटरभर गेल्यावर, टाच उचलते तेव्हा पोटरी तिला परत ढकलते. एकदा. मग पुन्हा. मग दोन-चार पावलं सलग. धावणं परत येतं.

ते परत येणं मला कशातच मिळत नाही. पहिल्या धावेत धावणं घरूनच बरोबर आलेलं असतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. दुसऱ्या धावेत ते हरवतं आणि आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच अंगात, हळूहळू उगवतं. मी जिंकण्यासाठी तिथे नव्हते, माझ्या पुढे कितीतरी जण होते. पण त्या उरलेल्या दीड किलोमीटरमध्ये माझं अंग पूर्ण माझं होतं, आणि असं आयुष्यात बाईला फार कमी वेळा वाटतं. लग्न, बाळंतपणं, शाळा, स्वयंपाक, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी, निवडणुकीच्या ड्युट्या. या सगळ्यात अंग वापरलं जातं. ते वापरलं जाण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ते कधीतरी माझ्या ताब्यात यावं असं मला वाटतं, आणि थकून रिकामं झाल्यावर ते जितकं ताब्यात येतं तितकं आराम करून येत नाही. का ते मला सांगता येईल असं नाही. येतं एवढं खरं.

त्याच वेळी समोरून वेचणीच्या बायांचा ऑटो आला. आत बसतात त्याच्या दुप्पट बाया, डोक्याला रुमाल, नवऱ्याचे जुने शर्ट साडीवर चढवलेले, डबे मांडीवर. एकीनं ओरडून विचारलं, “कोन्या कामाले धावता वो मॅडम?” मी उत्तर देण्याच्या अवस्थेत नव्हते. आतूनच दुसरी म्हणाली, “काम नाही वो, हौसेनं धावते ते. धावू दे.” आणि मग सगळ्याच ओरडल्या, “हाना मॅडम, पाय उचला!” उत्तर ज्या आवाजात आलं तो आमच्या शेजारच्या वहिनीचा होता.

ही वहिनी शाळेत असताना खो-खो खेळायची. जिल्ह्यापर्यंत गेलेली. अजूनही नळावर कळशी उचलून वळते तेव्हा तिच्या वळण्यात ते दिसतं. स्पर्धेला चल म्हणून मी तिच्या मागे लागले होते. तिनं हिशेब मांडून दाखवला होता: पहाटे पाणी, स्वयंपाक, दोन डबे, पोरांचं आवरणं, आणि आठला ऑटो. दव उडालं की वेचणी सुरू. ओला कापूस वेचला तर पिवळा पडतो, मालक बोलतो. ऑटो चुकला तर दिवस गेला. मी म्हटलं होतं की साडेआठपर्यंत सगळं आटोपतं. “तेच तं,” ती म्हणाली होती, “अर्ध्या घंट्यासाठी दिवसाची मजुरी जाते.”

त्या संध्याकाळी ती अंगणात आली. बक्षीस कुणाला मिळालं ते तिनं विचारलं नाही. विचारलं ते असं: सायकलवरून उतरून धावताना पायाचं काय होतं? मी सगळं सांगितलं, जसं इथे सांगितलं तसंच. ती ऐकत होती आणि मधेच म्हणाली, “मलेई तसंच होते. दिवसभर वाकून वेचलं अन् उठलो का पाय आपले नाही राहत. मंग गाठोडं घेऊन वजनकाट्यावर जातो, तोवर येते पायात जीव.” मी तिच्याकडे पाहत राहिले. ज्या अडीच किलोमीटरसाठी मी रविवारचे रविवार सराव करत होते, ते ती वेचणीच्या दिवसांत रोज धावते, डोक्यावर कापूस घेऊन, आणि तिची वेळ कुणी वहीत लिहीत नाही. तिला हे माझ्याकडून ऐकायचं नव्हतं, म्हणून मी बोलले नाही. ती पुढे म्हणाली, “बिना गाठोड्याचं धावून पाहाचं आहे एकडाव.”

त्यानंतर मी सरांकडे गेले आणि तारखेचा विषय काढला. स्पर्धा डिसेंबरात ठेवली ती थंडी बघून, आणि थंडी धावायला चांगली हे बरोबर. पण डिसेंबर म्हणजे भर वेचणी. ज्यांच्या अंगात सगळ्यात जास्त दम आहे त्या बाया नेमक्या तेव्हाच वावरात. जानेवारीत वेचणी ओसरते. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हापासून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, ठेवू नका असं कृषी विभाग कानीकपाळी ओरडतो, आणि पुष्कळ लोक आता कपाशी वेळेवर उपटतात. जानेवारीत तूर कापून होते. फेब्रुवारीच्या मध्यापासून हरभरा काढणीला येतो, आणि त्याच सुमारास दुपार तापायला लागते. मधे जे दोन-तीन आठवडे उरतात, जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारीची सुरुवात, तेव्हा मजुरी कमी असते, सकाळ अजून थंड असते आणि रविवारी पोरांना शाळा नसते. तारीख तिथे टाकली तर स्पर्धेत कोण दिसेल ते बदलेल. नाव नोंदवायला पैसे घेऊ नयेत, हेही मी म्हटलं. सायकल नसलेल्यांसाठी शाळेतल्या पोरींच्या सायकली सकाळपुरत्या मागता येतील का, ते पालकसभेत विचारायचं मी माझ्याकडे घेतलं.

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि पानं उलटून पाहिली. एक रविवार लग्नाच्या तिथीला लागून होता, तो सोडला. त्यानंतरच्या रविवारावर पेनानं गोल केला. ऑटोवाल्याशी ते स्वतः बोलणार आहेत, त्या दिवशी काम असलंच तर गाडी नऊला काढ म्हणून. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं आधी साडी चालते का ते विचारलं. नियमात बसते, पण सायकलच्या चेनमध्ये पदर जाईल, सलवार बरी, असं मी म्हटलं. मग ती म्हणाली की सायकल शाळेत असताना शिकली होती, त्यानंतर हात लावला नाही; तर आधी ते पाहावं लागेल. रविवारी संध्याकाळी, पोरं मैदानावर नसतात तेव्हा, माझी सायकल घेऊन यायचं ठरलं आहे.